अंगचटी, कामाच्या जागेवरची

अंगचटीला येणं म्हणजे कारण नसताना, किंवा मुद्दाम कारण काढून, समोरच्याच्या अंगाला अंग लावायला बघणं. मराठीत याला शब्द भरपूर आहेत, लगट, सलगी, चाळे, नको तिथं हात. कायद्याला मात्र एकच शब्द कळतो, 'नकोसा'. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा, ज्याला ऑफिसात सगळे पॉश म्हणतात, त्याच्या व्याख्येत पहिलंच कलम येतं ते शारीरिक स्पर्श आणि जवळीक करायचा प्रयत्न यांचं, आणि त्याच्यावर लिहिलेली अट एकच की ते बाईला नको असलं पाहिजे. हात कुठं लागला, किती सेकंद राहिला याचं माप कुठंच दिलेलं नाही. त्यामुळं खांद्यावरचा हातसुद्धा यात बसू शकतो आणि त्याच खांद्यावरचा दुसऱ्या कुणाचा हात बसणार नाही, सगळा घोळ इथंच होतो.

कोल्हापुरात तर बोलताना तोंडाबरोबर हात चालतोच. पाठीत थाप, गळ्यात हात, जोक झाला की टाळी. पोरापोरांत हे खपून जातं (खरं तर तिथंही सगळ्यांनाच आवडतं असं नाही, पण बोलणार कोण). शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आता फाउंड्रीच्या कोअर शॉपपासून (ओतकामाचे वाळूचे गाभे बनवायचा विभाग) अकाउंट्सपर्यंत बायका कामाला असतात, आणि तोच मोकळेपणा तिकडं वळला की म्हणायचं, अहो आपल्या ताईसारख्याच आहेत की त्या. ताई म्हटल्यानं हात ताईच्या भावाचा होत नाही.

जवळून बघायचं तर हे बघा. शाहूपुरीतल्या एका छोट्या फर्ममध्ये टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, नवीन लागलेली मुलगी, आणि तिला शिकवणारे सिनियर अकाउंटंट. पहिल्या आठवड्यात खुर्ची शेजारी ओढून शिकवणं, ठीक. मग एंट्री दाखवताना माऊसवरच्या तिच्या हातावर हात. तिनं हात काढून घेतला, सर हसले, म्हणाले घाबरतेस काय. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या खुर्चीवर डब्याची पिशवी ठेवायला लागली. सरांनी पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसले. आता यात ती 'नको' असं तोंडानं एकदाही बोललेली नाही, पण हात काढून घेणं आणि ती पिशवी हा नकारच आहे, आणि पिशवी खाली ठेवणाऱ्याला तो कळलेला आहे. चौकशीत बघायचं ते हे. नवी नोकरी, प्रोबेशन, घरी पगाराकडं डोळे लावून बसलेली माणसं, अशी पोरगी सायबाच्या तोंडावर आरडाओरडा करेल ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि तेच सर उद्या जिन्यावरून तिचा पाय घसरला म्हणून दंड धरून सावरतील तर तो स्पर्श छळ होत नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

कोर्टांनी ही रेघ दोन्ही बाजूंनी ओढलेली आहे. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर ॲपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलची केस होती. अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष हात लावला नव्हता, नुसता प्रयत्न केला होता असं धरून हायकोर्टानं त्याला सोडलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, लैंगिक छळ व्हायला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही म्हणून सांगितलं आणि त्याची नोकरी गेली ती गेलीच. उलट २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टात आलेलं प्रकरण एका प्रयोगशाळेतल्या भांडणाचं होतं, सहकाऱ्यानं बाईच्या हातातलं सामान हिसकावून तिला बाहेर ढकललं. कोर्ट म्हणालं, वागणं वाईट आहे पण प्रत्येक शारीरिक स्पर्श लैंगिक छळ नसतो, त्याला लैंगिक रंग पाहिजे. मग जानेवारी २०२५ ला मद्रास हायकोर्ट. तिथं एक मॅनेजर बायकांच्या मागं अगदी चिकटून उभा राहायचा, खांद्याला हात लावायचा, शेकहँडचा आग्रह धरायचा, आणि बचाव असा की माझं कामच देखरेखीचं. कोर्टानं सांगितलं की करणाऱ्याचा हेतू काय यापेक्षा समोरच्या बाईला ते कसं लागलं ते महत्त्वाचं. आमच्याकडं 'मनात तसं काही नव्हतं' हे वाक्य जे रामबाण समजतात, त्यांनी हा निकाल बघावा.

पोलीस केस वेगळी गोष्ट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये नकोसा स्पर्श आणि उघड लगट याला ३ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि कलम ७४ मध्ये, जिथं बाईच्या विनयभंगाचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते, तिथं १ ते ५ वर्षं. पॉशखालच्या ऑफिसातल्या कमिटीकडं (तिचं पुढं येतंय) तक्रार केली म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही.

रंगपंचमीचं वेगळं सांगायला पाहिजे कारण इथं धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. ऑफिसात सकाळी साधा टिळा लागतो, अकराला कुणीतरी पुडी फोडतं आणि मग गालाला रंग, मग मागून येऊन दोन्ही हातांनी तोंडाला, मग मानेला. ज्या बाईनं स्वतः गाल पुढं केला तिच्या गालाचा प्रश्न नाही. जी टेबलामागं सरकली, ओढणी तोंडावर घेतली, तिला धरून आणणं हा सण नव्हे. वर्षातनं एकदाच असतंय की, हे कुठल्याच कायद्यात अपवाद म्हणून लिहिलेलं नाही. सेंडऑफच्या फोटोत कंबरेत हात घालणारे आणि वाढदिवसाचा केक 'भरवणारे' याच घरातले.

दाद कुठं मागायची, तर १० किंवा जास्त कामगार असतील तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, अध्यक्ष सिनियर बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. १० पेक्षा कमी माणसं असतील, म्हणजे गुजरीतली पेढी, लक्ष्मीपुरीतलं दुकान, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या मावशीही तिथं जाऊ शकतात. कामाची जागा म्हणजे चार भिंतीच असं पण नाही, साईट व्हिजिट, कंपनीची बस यात येते. वडापमध्ये, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीत, सहकारी खेटून बसला तर गाडी कंपनीची नाही म्हणून समिती कदाचित का-कू करेल, पण प्रवास कामासाठीच असेल तर तो मुद्दा धरून ठेवायचा, आणि ७५ कलम तर गाडी कुणाची ते विचारतच नाही.

पुरुषानं पुरुषाला छळलं तर पॉश लागू होत नाही, कारण तक्रारदार बाईच असावी लागते. मात्र जिच्यावर तक्रार ती बाई असू शकते, कलकत्ता हायकोर्टानं २०२० मध्ये हे मान्य केलंय. फाउंड्रीत नवीन हेल्पर पोरांची जी 'चेष्टा' चालते, कुठंही चिमटे काढणं वगैरे, त्यातल्या पोराला मग कंपनीचे शिस्तीचे नियम नाहीतर पोलीस एवढंच उरतं.

तक्रार लेखी, ३ महिन्यांत, आणि प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत. तोवर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते. बाईनं स्वतः मागितला तर समेट होऊ शकतो पण त्यात पैशाची देवघेव चालत नाही. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरली असं होत नाही, खोटेपणा वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि या एका गोष्टीची भीती घालून किती अर्ज मागं घेतले जातात ते एचआरवाल्यांनाच विचारा. टॅलीवाल्या मुलीच्या केसमध्ये साक्षीदार होता चहावाला पोऱ्या, त्यानं ती पिशवी तीन वेळा जमिनीवरून उचलून तिला परत दिली होती.