क्षय आणि ब्रुसेला: ठिकाण एकच, चाल वेगळी

संध्याकाळी चढणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, उतरत चाललेलं वजन आणि पाठदुखी. कोल्हापुरात अशी तक्रार घेऊन कुणी आलं की आधी क्षयाचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण इथं धारोष्ण दुधाची आवड घरोघरी आहे, व्यायलेल्या जनावराची अडकलेली वार उघड्या हातानं काढणारे गोठेही आहेत. तेव्हा जनावरांकडून माणसात येणारा ब्रुसेला हा जंतूसुद्धा तितक्याच लवकर आठवायला हवा.

दोन्ही जंतू राहतात एकाच पेशीत. मॅक्रोफेज ही आपली पांढरी पेशी खरं तर जंतू गिळून एका पिशवीत कोंडते. मग लयकारिका (लायसोसोम), म्हणजे पेशीतल्या पाचक पिशव्या, त्या पिशवीला येऊन मिळतात आणि त्यांतलं आम्ल नि पाचकरस जंतूचा फडशा पाडतात.

क्षयाचा जंतू ही गाठच पडू देत नाही. त्याचं आवरण मेणचट आणि चिवट. शिवाय तो अशी प्रथिनं सोडतो की पिशवीत आम्ल भरणारा पंप तिथं बसतच नाही. अशा अर्धवट पिशवीत तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. लागण झालेल्यांपैकी 5 ते 10 टक्के लोकांनाच पुढं कधीतरी रोग होतो.

ब्रुसेलाची चाल मला जास्त थक्क करते. त्याला आम्ल हवंच असतं! पिशवी थोडा वेळ लयकारिकांना भिडते, आम्ल वाढतं, बरेच जंतू मरतात. उरलेल्यांना मात्र तेच आम्ल जागं करतं. ते एक नळीवजा यंत्रणा उभारून पिशवीच्या भिंतीपलीकडं स्वतःची प्रथिनं सोडतात आणि पिशवीला आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याकडं वळवतात. पेशी जिथं आपली प्रथिनं घडवते, तिथंच ब्रुसेलाची वीण वाढते.

मणक्यांत क्षय बहुधा छातीमागं घर करतो, ब्रुसेला कमरेत. पण एवढ्यावर निदान होत नाही.

औषध पेशीच्या आत पोचावं लागतं, म्हणून रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक दोन्हीकडं वापरतात: क्षयात चार औषधांनी सुरुवात करून साधारण 6 महिने, ब्रुसेलात बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या जोडीनं 6 आठवडे. ब्रुसेला समजून उपचार केले आणि निघाला क्षय, तर ताप तात्पुरता उतरेल, पण अपुऱ्या औषधांत तो जंतू रिफॅम्पिसिनला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून गाभडलेली म्हैस, न तापवलेलं दूध, घरातला जुना खोकला, सगळं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. ब्रुसेलाची शंका असेल तर रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेलाही आधी कळवावं लागतं. कल्चर, म्हणजे तपासणीसाठी वाढवलेले जंतू, हाताळताना तिथल्या माणसांनाच लागण होऊ शकते.