सरदार सरोवर : ‘प्रकल्पग्रस्त’ कोण, याचा वाद

धरणाला जमीन देणार नाही, हे मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्येच ठणकावलं होतं. ‘जान किंवा जमीन’ म्हणत त्यांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या धरणाचं काम अडवलं. जमिनीचे मालक मोबदल्याकडे वळले, कुळं एकटी पडली आणि १९२४ पर्यंत सत्याग्रह संपला.

नर्मदेवर सरदार सरोवर धरणाची लढाई अडली ती ‘प्रकल्पग्रस्त’ कोण, या व्याख्येपाशी. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांमधला वाद सोडवणाऱ्या लवादाने १९७९ मध्ये सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. बदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली गेली. निवाडा कागदावर उदार होता. २५ टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, तीही किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. सज्ञान मुलीचा मात्र उल्लेख नाही.

पण ‘जमीन गेली’ हे दाखवायचं कशावरून? भिल्ल आणि पावरा कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली कितीतरी शेतं वनखात्याच्या नावावर. सातबारा नाही, म्हणून कसणारा ‘अतिक्रमणदार’. ज्याचं सगळंच बुडणार, तोच प्रकल्पग्रस्तांच्या यादीबाहेर! या भागातल्या संघर्षाची सुरुवात या यादीवरून झाली, हे आज फारसं कुणी सांगत नाही. आधी मागणी पुनर्वसनाची होती. धरणच नको, ही भूमिका १९८८ मध्ये आली.

पुढे गुंता वाढला. फक्त पुराच्या फुगवट्याने बुडणाऱ्या जमिनींसाठी ‘तात्पुरते बाधित’ असा नवा वर्ग निघाला. वर्षातून एकदा घरात नदी येते, तो माणूस तात्पुरता बाधित कसा? अखेर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तात्पुरता आणि कायमचा असा भेद करता येणार नाही, असं सांगितलं. त्याच न्यायालयाने २००० मध्ये बहुमताने बांधकामाला वाट करून दिली होती. ‘आधी पुनर्वसन, मग उंची’ ही अट तेव्हाही होतीच.

धरणाला कर्ज देणारी जागतिक बँक १९९३ मध्ये बाहेर पडली, तरी काम थांबलं नाही. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला टेकलं. त्या पावसाळ्यात मध्य प्रदेशच्या निमाडातल्या चिखलद्यासारख्या गावांत माणसं राहत होती. पाणी ओट्यावर चढेपर्यंत त्यांचा यादीतल्या नावासाठी झगडा चालू होता.