कांद्याचा कोंब आणि कोबाल्ट

नवरात्रात दादरहून आणलेला कांदा उभा चिरला, तर मधोमध बोटभर हिरवा कोंब. त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: "किरण मारलेला कांदा खाऊ नका, अंगात रेडिएशन भिनतं." याच ग्रुपवर दर पावसाळ्यात "कापलेला कांदा खोलीतले जंतू ओढून घेतो" हेही फिरतं. दोन्हींत तथ्य नाही, पण पहिली अफवा शेतकऱ्याच्या मुळावर येणारी आहे.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवला तर वजनात घट, सड आणि कोंब. लगेच विकला तर सगळ्यांचाच माल एकदम आल्याने भाव पडलेला. खताची उधारी डोक्यावर असलेला छोटा शेतकरी थांबणार कसा?

कोंबावरचा उपाय, म्हणजे कांद्याला किरण देणं, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये लासलगावला नेला, 'कृषक' प्रकल्पात. कांद्याच्या बुडाशी, मुळं फुटतात त्या चकतीवर, पाकळ्यांच्या आत वाढीचा एक इवलासा बिंदू असतो. काढणीनंतर काही आठवडे तो झोपलेला असतो. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूमधून निघणारे गॅमा किरण पेशींतला डीएनए तोडतात. पाकळीतल्या पेशीला आता विभागायचंच नसतं, म्हणून ती जगते. वाढीच्या बिंदूतली पेशी मात्र विभागायला गेली की तुटक्या डीएनएपाशी अडते आणि मरते. मात्रा साधारण 60 ते 90 ग्रे. ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक; 60 ग्रे म्हणजे किलोमागे 60 ज्यूल ऊर्जा. तेवढ्याने कांदा एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकाही तापत नाही.

मग कांदा किरणोत्सारी का होत नाही? तसं व्हायला त्याच्या अणूंची केंद्रंच बदलावी लागतील. या किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ऑक्सिजनच्या अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन उखडायला 15 दशलक्षांहून जास्त लागते, कार्बनच्या केंद्रातून 18 दशलक्षांहून जास्त. एक्स-रे काढून आलेला माणूस घरात किरण फेकत फिरत नाही, तसंच हे.

सड मात्र किरणांनी थांबत नाही. त्यासाठी नीट सुकवलेली मान आणि खालून वारा खेळणारी चाळच हवी. शिवाय किरण काढणीनंतर लवकर द्यावे लागतात. आत कोंब सरकू लागला की उशीर झाला. म्हणजे मे-जूनमध्येच, शेतकऱ्याचा हात सर्वांत रिकामा असतो तेव्हा. त्या दिवसांत चाळीतल्या मालाच्या तारणावर त्याला कर्ज मिळायला हवं. नाहीतर किरण मिळतील व्यापाऱ्याच्या गोणीला, आणि ऑक्टोबरचा चढा भावही व्यापाऱ्यालाच.