ॲन्का चाचणी: दोन पायऱ्यांवरून एका पायरीवर

सोलापुरातून लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या संशयावरून रक्ताचा नमुना पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो, तेव्हा चिठ्ठीवर पुष्कळदा ‘ॲन्का’ (न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींविरुद्धची प्रतिपिंडे) एवढेच लिहिलेले असते. अहवाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून येणार की आकड्यांत, हे त्यावरून ठरत नाही.

या प्रतिपिंडांची पहिली नोंद १९८२ मधली, ऑस्ट्रेलियातील मूत्रपिंडदाहाच्या आठ रुग्णांची. त्या वेळी संशय डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूवर गेला होता. आज जीपीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजाराशी त्यांचा संबंध १९८५ मध्ये नेदरलँड्स व डेन्मार्कमधील संशोधकांनी दाखवला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत न्यूट्रोफिलमधील एमपीओ व पीआर-३ ही प्रथिने त्यांची दोन लक्ष्ये म्हणून निश्चित झाली.

गुंतागुंत झाली ती काचपट्टीवर, म्हणजे पेशींवर रुग्णाचा रक्तद्रव व चमकणारा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत. न्यूट्रोफिल पेशी इथेनॉलने स्थिर केल्या की धन विद्युतभार असलेले एमपीओ कणिकांतून सुटून ऋणभारित केंद्रकाभोवती जमते, आणि हिरवी चमक पेशीभर न दिसता केंद्रकाला वेढा घातल्यासारखी दिसते. हीच ती ‘पी-ॲन्का’. पेशी फॉर्मॅलिनने स्थिर केल्या तर तीच प्रतिपिंडे पेशीद्रव्यात चमकतात. म्हणजे ज्या आकृतिबंधावर वर्षानुवर्षे निदानाची भिस्त ठेवली गेली, तो प्रयोगशाळेतल्या एका रसायनाचा परिणाम होता. शिवाय ल्युपस या स्वप्रतिकार आजारातली केंद्रकविरोधी प्रतिपिंडे आणि आतड्याच्या व्रणयुक्त दाहातली प्रतिपिंडेही थेट तशीच, किंवा जवळपास तशीच, दिसतात. दोन तपासनिसांचे एकाच काचपट्टीवर एकमत होईलच असे नाही.

म्हणून १९९९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने दोन पायऱ्या ठरवल्या: आधी काचपट्टी, मग एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडे आकड्यांत मोजणाऱ्या चाचणीने, एमपीओ व पीआर-३ ची खातरजमा. २०१७ मध्ये हा क्रम मोडला. युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या तुलनेत दर्जेदार प्रतिजन-विशिष्ट चाचण्या (थेट एमपीओ व पीआर-३ विरुद्धची प्रतिपिंडे मोजणाऱ्या) काचपट्टीपेक्षा उण्या ठरल्या नाहीत, तेव्हा त्याच प्रथम कराव्यात असे सुधारित सहमतीने सांगितले. त्या निगेटिव्ह येऊनही संशय दाट असेल, तर दुसऱ्या पद्धतीची चाचणी किंवा काचपट्टी पाहावी, एवढी वाट तिने मोकळी ठेवली. काचपट्टीवर वेगळे काहीतरी दिसले तर दुसऱ्या आजाराचा सुगावा लागतो, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. तरीही जिथे असे वाचन करणारा सरावलेला डोळा सहज मिळत नाही, तिथे हा बदल फार पूर्वीच व्हायला हवा होता. प्रत्यक्षात आजही केवळ ‘पी-ॲन्का पॉझिटिव्ह’ एवढाच शेरा असलेले अहवाल हातात पडतात, आणि त्यांच्यावर पुढचे उपचार ठरवणे धोक्याचे आहे.

२०२२ च्या वर्गीकरण निकषांनी नवा पेच आणला. त्यांत पीआर-३ पॉझिटिव्ह असल्यास जीपीएसाठी ५ गुण आणि एमपीओ पॉझिटिव्ह असल्यास एमपीए या त्याच गटातल्या दुसऱ्या आजारासाठी ६ गुण मिळतात, तर दोन्हींचा उंबरठा ५ च आहे; साहजिकच एका रक्तचाचणीने आजार सिद्ध झाला असा समज होतो. वास्तविक हे निकष रक्तवाहिनीदाहाचे निदान आधीच झालेल्या आणि त्यासारखे दिसणारे इतर आजार वगळलेल्या रुग्णांसाठीच आहेत. आपल्याकडे त्या ‘इतर आजारां’त पहिला क्रमांक क्षयरोगाचा लागायला हवा. फुप्फुसातली पोकळी, थुंकीतून रक्त, बारीक ताप आणि घटते वजन ही लक्षणे जीपीएचीही आणि टीबीचीही. क्षयरोगात आणि हृदयाच्या झडपांच्या संसर्गातही ॲन्का पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा रुग्णाला घाईने स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू केली, तर दबलेला जंतुसंसर्ग उसळतो. त्यामुळे थुंकीची तपासणी, लघवीतील रक्तपेशी व प्रथिने आणि शक्य तिथे बायोप्सी यांच्याशी ताळा जुळल्यावरच ॲन्काच्या आकड्याला वजन द्यावे लागते.