कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कात मुक्काम: बुकिंग कसं करायचं, कोण करू शकतं, सोबत काय न्यायचं

चार जुलैच्या सुट्टीत कॅम्पिंगला कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी जूनमध्ये पडतो. जूनमध्ये त्याला उत्तर नसतं. ते ३ जानेवारीला सकाळी आठ वाजता होतं, आणि चांगल्या जागांच्या बाबतीत चहा गार व्हायच्या आत संपलेलं असतं. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, नव्याने आलेल्या आणि उन्हाळ्यात आई-बाबांना भारतातून बोलावून घेणाऱ्या मराठी घरांसाठी ही माहिती लिहितो आहे. सगळं कॅलिफोर्निया राज्याच्या पार्कांबद्दल आहे. शेजारच्या ओरेगनात किंवा नेवाडात नियम वेगळे.

आधी एक घोळ निस्तरू. योसेमिटी हे नॅशनल पार्क, म्हणजे केंद्र सरकारचं. बिग बेसिन, माउंट डायब्लो, हेन्री को ही स्टेट पार्कं, म्हणजे राज्याची. समुद्रकिनारे, जुन्या वास्तू, जंगलं असं सगळं धरून राज्याकडे सुमारे २८० ठिकाणं आहेत. केंद्राचा वार्षिक पास स्टेट पार्कच्या गेटवर दाखवणं म्हणजे एसटीचा पास लोकलमध्ये दाखवण्यासारखं आहे. बुकिंगची संकेतस्थळंही वेगळी. राज्याच्या जागा 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया'वर मिळतात, किंवा त्यांच्याच फोन केंद्रावरून.

पात्रता

बुकिंग करणाऱ्याचं वय १८ पूर्ण हवं. बाकी फारशी अट नाही. नागरिकत्व, ग्रीन कार्ड, कॅलिफोर्नियाचा रहिवासी असल्याचा पुरावा, यातलं काही मागत नाहीत. एच-वन-बीवाला, मास्टर्स करणारा विद्यार्थी, सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, कोणीही खातं उघडून जागा घेऊ शकतं. पैसे भरायला कार्ड लागतं. अठराच्या खालच्या मुलांबरोबर मात्र रात्रभर मोठं माणूस असायलाच हवं.

खरी पात्रता पुढे आहे, आणि मराठी मंडळी हमखास तिथेच अडकतात. साध्या कॅम्पसाइटवर जास्तीत जास्त आठ माणसं. तान्हं बाळही माणूसच. आमच्या पहिल्या खेपेला दोन कुटुंबं, एकाचे आई-वडील आणि ऐनवेळी 'मी पण येतो' म्हणून आलेला मेहुणा, असे आम्ही नऊजण झालो. रात्री रेंजरबाई टॉर्च घेऊन आल्या. माणसं मोजली, मग शांतपणे पुन्हा मोजली. आवाज चढवला नाही, दंडही केला नाही, फक्त 'आठ' एवढंच म्हणाल्या. मेहुण्याला साडेदहा वाजता दीड तास गाडी चालवत घरी जावं लागलं. जाताना भरताचा डबा तेवढा घेऊन गेला. चूक आमचीच होती, बुकिंगच्या पानावर आकडा ठळक लिहिलेला होता.

तेव्हा नऊ ते सोळा माणसं असतील तर शेजारशेजारच्या दोन साइट घ्या. त्याहून मोठा गोतावळा असेल तर काही पार्कांत ग्रुप साइट असतात, त्या शोधा. साइटच्या भाड्यात एकच गाडी धरलेली असते. दुसरीला वेगळे पैसे पडतात, आणि काही ठिकाणी दुसरी गाडी लावायला जागाच नसते. 'आपण चार गाड्यांनी येऊ आणि तिथे बघू' हा बेत इथे चालत नाही.

तारखेचं गणित

जागा सहा महिने आधी, त्याच तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी आठला खुली होते. मोजायची ती पोहोचण्याची तारीख. ३ जुलैला जाऊन पाचला परतायचं असेल तर ३ जानेवारी. १० ऑक्टोबरला जायचं असेल तर १० एप्रिल. भारतात गेलेले असाल तरी हे जमतं: इथे उन्हाळी वेळ असताना सकाळचे आठ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेनऊ. मी एकदा पुण्यात जेवणाच्या ताटावर बसून, डाव्या हाताने रेडवुडच्या उंच झाडांमधली साइट धरलेली आहे. आईला अजून पटलेलं नाही की ते ऑफिसचं काम नव्हतं.

खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा. नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि कार्ड भरून तपासून घ्या. पार्कचा नकाशा आधी बघून चार-पाच साइटचे नंबर कागदावर लिहा. त्यातली पहिली गेली तर दुसरीवर जाता येतं. नकाशात स्वच्छतागृहाला चिकटून असलेली साइट सोयीची वाटते, पण रात्रभर दाराची धडधड आणि दिव्याचा उजेड सोसावा लागतो. आई-बाबा बरोबर असतील तर दोन-तीन साइट सोडूनची घ्या: चालत जाता येईल, झोपही लागेल. फॉर्ममध्ये तंबू की ट्रेलर, आणि ट्रेलर असेल तर त्याची लांबी विचारतात. तिथे खरं तेच लिहा, कारण छोट्या साइटवर मोठं वाहन मावत नाही.

बुकिंगची वेगळी फी आठ डॉलरच्या आसपास आहे आणि ती परत मिळत नाही. साइटचं रात्रीचं भाडं साध्या ठिकाणी वीस डॉलर, गर्दीच्या रेडवुड किंवा समुद्राकाठच्या ठिकाणी पस्तीस आणि त्याच्या वर.

जागा हुकली तर? संकेतस्थळावर 'नोटिफाय मी' अशी सोय आहे. हवी ती तारीख तिथे टाकून ठेवली की कोणी रद्द केल्यावर निरोप येतो. निरोप आल्यावर विचार करायला वेळ नसतो, 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणेपर्यंत जागा जाते. रविवार ते गुरुवार, किंवा शाळा चालू असतानाचे दिवस चालत असतील तर इतकी धावपळ करावीच लागत नाही.

रद्द करायचं असेल तर लवकर करा. आठवडाभर आधी केलं तर बरीचशी रक्कम परत येते. तारीख जवळ येईल तशी कापणी वाढते. न कळवता गैरहजर राहणं सगळ्यात महाग, आणि त्यात दुसऱ्या कोणाची तरी जागा वाया जाते.

सवलती आणि त्यांचे कागद

६२ वर्षं पूर्ण झालेल्यांना साइटच्या भाड्यात रात्रीमागे दोन डॉलरपर्यंत सूट आहे. रक्कम मोठी नाही, पण बाबांना 'इथेही ज्येष्ठ नागरिक' म्हणून जो आनंद होतो त्याची किंमत धरा. ज्यांच्या वयावर सूट घेतली ते त्या मुक्कामाला हजर असावेत आणि वयाचा पुरावा जवळ असावा. भारतातून आलेल्यांसाठी पासपोर्ट सगळ्यात सोपा, त्यावर जन्मतारीख असते. आधार कार्ड इथल्या गेटवर कोण ओळखणार?

कायमचं अपंगत्व असणाऱ्यांसाठी साडेतीन डॉलरचा, आयुष्यभर चालणारा पास आहे. त्याने मुक्कामाचं आणि गाडी लावण्याचं भाडं निम्मं होतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र किंवा तत्सम पुरावा जोडून त्याचा आधी अर्ज करावा लागतो, गेटवर उभ्याउभ्या तो होत नाही.

मुक्काम नको, नुसतंच दिवसभर चालून यायचं असेल तर सार्वजनिक ग्रंथालयात जा. ग्रंथालयाच्या कार्डावर पुस्तकासारखा स्टेट पार्कचा पास घरी नेता येतो. तो आरशाला लटकवला की नऊपर्यंत माणसांची क्षमता असलेली गाडी दोनशेहून अधिक पार्कांत दिवसापुरती फुकट लागते. कॅम्पिंगला तो चालत नाही. पासला रांग असते, तेव्हा नंबर लावून ठेवा. चौथीतल्या मुलांसाठीही ठरावीक पार्कांत फुकट प्रवेशाचा पास आहे, त्याची नोंदणी पालकांनी करायची.

गेटवर काय दाखवायचं

ज्याच्या नावावर बुकिंग त्याचं फोटो ओळखपत्र, बुकिंगचा क्रमांक आणि गाडीचा नंबर. क्रमांक छापून न्या किंवा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण डोंगरात नेटवर्क नसतं आणि ईमेल उघडत नाही. दुपारी दोनपासून साइट ताब्यात मिळते, निघायचं दुपारी बाराला. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. अंताक्षरी दहाला 'म'वर अडकली असली तरी तिथेच थांबवायची. शेकोटी फक्त लोखंडी रिंगमध्ये, तीही आगीच्या मोसमात बंदी नसेल तर. जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करायला मनाई आहे. लाकूडही घरून आणू नका: त्यातून कीड आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात. पार्कात किंवा गावात विकत घ्या. कुत्रा असेल तर सहा फुटांपर्यंतच्या दोरीवर, आणि बहुतेक पायवाटांवर त्याला परवानगीच नसते.

हेन्री को: पहिल्या मुक्कामासाठी

नियम वाचून कंटाळला असाल तर एक जागा सुचवतो. मॉर्गन हिलमधून ईस्ट डन अव्हेन्यूने अँडरसन तलावाला वळसा घालत रस्ता वर चढतो. आपल्या एखाद्या जुन्या घाटासारखा अरुंद आणि वळणावळणाचा, पोटात ढवळणाऱ्यांनी आवळ्याची सुपारी जवळ ठेवावी. वर सुमारे २६०० फुटांवर हेन्री डब्ल्यू. को स्टेट पार्कचं मुख्य केंद्र आहे. उत्तर कॅलिफोर्नियातलं हे सगळ्यात मोठं स्टेट पार्क, सुमारे ८७ हजार एकर. पूर्वी ही को कुटुंबाची गुरांची वाडी होती. सेडा को यांनी ती १९५३ मध्ये सांता क्लारा काउंटीला देऊन टाकली आणि पुढे ती राज्याकडे आली.

गाडी जाते अशा कॅम्पग्राउंडवर फक्त वीस साइट. अंघोळीची सोय नाही, खड्ड्याची स्वच्छतागृहं आहेत. हे आई-बाबांना आधी सांगा, तिथे गेल्यावर नको. संध्याकाळी समोर डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात आणि चांदणं गावाकडच्यासारखं दिसतं. कुकर मात्र नेऊ नका. आम्ही नेला होता, आणि पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतून दोन डोकी बाहेर आली.

चालायला सोपी वाट फ्रॉग लेकची. दमछाक करायची तयारी असेल तर कोयोटी क्रीक या ओढ्यावरच्या चायना होल या डोहाकडे उतरा. उतरताना मजा असते, परतताना सगळा चढ अंगावर येतो. हा ट्रेक सकाळी लवकर सुरू करा आणि मार्च-एप्रिलमध्ये करा, तेव्हा उतार फुलांनी भरलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं ऊन विदर्भाची आठवण करून देतं.

वाटेवर पॉयझन ओक ओळखता आलंच पाहिजे. पळसाला पानं तीन तशी यालाही तीन, म्हणून पळस समजून हात लावू नका. ही झाडं आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली. ज्याने बिब्बा उतलेला पाहिलाय त्याला फोड कसे येतात ते वेगळं सांगायला नको. लांब पँट घाला, परत आल्यावर हातपाय आणि बुटांच्या नाड्याही साबणाने धुवा, आणि मोज्यांवर गोचीड चढलीय का ते बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टॅरंटुला जातीचे नर कोळी मादीच्या शोधात भरदिवसा वाट ओलांडताना दिसतात. तळहाताएवढे, केसाळ, आणि आपल्याकडे ढुंकूनही न बघणारे. मुलांना थांबवून बघू द्या.

तंबू पाठीवर घेऊन आत, दूरच्या तळ्यांकाठी राहायचं असेल तर त्याची पद्धत वेगळी. तो परवाना सहा महिने आधी नाही, त्याच दिवशी केंद्रावर जाऊन, आधी येईल त्याला, असा मिळतो. फॉर्मवर कोणत्या भागात किती रात्री राहणार, किती माणसं आणि गाडीचा नंबर लिहायचा. शनिवारी दुपारी पोहोचलात तर जवळचे भाग भरलेले असू शकतात. आत शेकोटी चालत नाही, स्टोव्ह न्या. ओढ्याचं पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्या. उन्हाळ्याच्या शेवटी बरेच ओढे आटतात, तेव्हा कुठे पाणी आहे ते निघण्याआधी केंद्रावर विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या अधिकृत पानावरच्या सूचना वाचा. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यांनी को पार्कचा मोठा भाग जळाला, आणि त्याच महिन्यात १९०२ पासूनचं बिग बेसिन इतकं होरपळलं की २०२२ पर्यंत ते बंद होतं. ते उघडलं तेही आधी दिवसापुरतंच, मुक्कामाशिवाय. बुकिंग हातात असलं तरी रस्ता बंद, पाणी बंद किंवा शेकोटीवर बंदी असू शकते, आणि ते त्या पानावर सगळ्यात वर लिहिलेलं असतं.