दहा खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चाळिशी गाठतं न गाठतं तोच मोबाइलवर मेसेज सुरू होतात, 'पूरग्रस्तांसाठी जमेल ते पाठवा.' भावना सोन्यासारखी. पण या 'जमेल ते'नंच २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमची पुरती कोंडी केली होती.

त्या वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, दोन्ही बाजूंना ट्रक अडकलेले. रस्ता सुटला तशी मदतही एकदम सुटली. मी एका सभागृहातल्या मदत केंद्रावर होतो. माणसं साठेक, दार एकच. पहिल्या गोणीतून काय निघालं? बिस्किटांचे पुडे, फिनेलची बाटली, दोन साड्या, एका पायाची चप्पल, औषधांच्या अर्धवट पट्ट्या आणि तळाशी भाकऱ्या. फिनेलचं बूच ढिलं होतं. भाकऱ्यांचं काय झालं असेल ते ओळखा. एक गोणी निवडायला चौघांना दहा मिनिटं लागली. बाहेर ट्रकांची रांग वाढत होती आणि आत ओरडा चालला होता, 'माणसं वाढवा!' वाढवली. मग माणसं एकमेकांच्या पायात यायला लागली.

माझं पोट मशीन शॉपवर चालतं. रांग म्हटली की मला माणसांआधी मशीनपुढे थप्पी लागलेली कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, दिसतात. दोन्हींचं गणित एकच आहे आणि माझं त्यावर प्रेम आहे, तेव्हा जरा सोसून घ्या.

सोपा भाग आधी. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत तुमच्यापुढे २४०० माणसं आहेत आणि देवीसमोरून मिनिटाला ४० माणसं सरकतात, तर तुमचा नंबर ६० मिनिटांनी. आतली संख्या म्हणजे वेग गुणिले थांबण्याचा वेळ. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. वाटतो पोरखेळ, पण शॉपमध्ये अर्धवट माल जितका जास्त पडून, तितकी ऑर्डर उशिरा, हे त्यातूनच निघतं.

आता अवघड भाग. समजा केंद्राला एकच दार आहे आणि एक ट्रक उतरवायला सरासरी २० मिनिटं लागतात. दार दिवसातला निम्मा वेळ कामात असेल, तर आलेल्या ट्रकाला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. दार ८० टक्के वेळ कामात असेल तर? ८० मिनिटं. ९० टक्क्यांना तीन तास. ९५ टक्क्यांना सहा तास वीस मिनिटं! काम जरासं वाढलं, थांबणं आभाळाला टेकलं. सूत्र असं : दार जितका हिस्सा कामात, त्याला जितका हिस्सा रिकामं त्यानं भागा आणि उतरवण्याच्या वेळानं गुणा. ९० भागिले १० म्हणजे नऊ पट. ९५ भागिले ५ म्हणजे एकोणीस पट.

असं का होतं? ट्रक वेळापत्रक पाळून येत नाहीत आणि प्रत्येकाला सारखाच वेळ लागत नाही. सकाळी दार अर्धा तास मोकळं राहिलं, तर तो अर्धा तास डब्यात भरून दुपारच्या गर्दीला वापरता येत नाही. तो गेला. दुपारी तुंबलेलं मात्र संध्याकाळपर्यंत पुढे ढकलत राहावं लागतं. रिकामपण साठत नाही, तुंबणं साठतं. आणि दार जवळजवळ सतत कामात असेल, तर तुंबलेलं उपसायला फटच उरत नाही. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्सवरून या शास्त्राची सुरुवात केली. 'माणूस रिकामा दिसला की पगार वाया' म्हणणाऱ्या मालकांनी हा चढ एकदा कागदावर काढून बघावा.

आता न्यूयॉर्कला चला. हार्लेममधल्या एका अन्नछत्राला टोयोटा कंपनीनं मदत म्हणून आपले इंजिनिअर दिले. जागा ५० जणांची. दहा खुर्च्या रिकाम्या झाल्या की दहा जण आत, अशी पद्धत. थांबणं दीड तासापर्यंत जायचं. त्यांनी दहाचा लॉट, म्हणजे गठ्ठा, मोडला, एक खुर्ची रिकामी की एक माणूस आत. रांगेचं टोक आत ताटांजवळ आणलं आणि रिकामी खुर्ची हेरायला एक माणूस ठेवला. थांबणं १८ मिनिटांवर आलं.

दहाच्या लॉटनं एवढं काय बिघडतं? पहिली सुटलेली खुर्ची बाकीच्या नऊ सुटेपर्यंत रिकामी. म्हणजे कोणत्याही क्षणी रिकाम्या खुर्च्या शून्य ते नऊ, सरासरी साडेचार. पन्नासात ९ टक्के क्षमता फुकट. नऊ टक्के म्हणजे किरकोळ? वरच्या चढावर ठेवून बघा. लॉटशिवाय अन्नछत्र ९० टक्के भरलेलं असेल तर थांबणं नऊ पट. लॉटमुळे क्षमता ९१ उरली, तर ९० भागिले ९१ म्हणजे जवळजवळ ९९ टक्के भार, आणि थांबणं नव्वद पट! (सूत्र एका दाराचं आहे. पन्नास खुर्च्यांना आकडे पुष्कळ लहान येतील, चढाचं वळण तेच.) सँडी वादळानंतर ब्रुकलिनच्या एका गोदामातही हीच मंडळी गेली. मदतीचं एक खोकं भरायला तीन मिनिटं लागायची, ती अकरा सेकंदांवर आली.

शिरोलीला रस्ता सुटला तेव्हा आमच्याकडे आला तो असाच लॉट, फक्त ट्रकांचा. तो आमच्या हातात नव्हता. गोणीतली सरमिसळ मात्र टाळता आली असती.

जागेच्या मांडणीचंही असंच. ओळखीच्या एका कारखानदारानं वास्तुवाल्याच्या सल्ल्यानं स्टोअर नैर्ऋत्येला हलवलं. आता एक कामगार बोल्टसाठी दिवसातून वीसदा ४० मीटर जातो आणि ४० मीटर येतो, म्हणजे रोज १.६ किलोमीटर. लक्ष्मी कुठल्या दिशेनं येते ते मला ठाऊक नाही, पण तो माणूस कुठल्या दिशेनं जातो ते मोजता येतं. भिंतीवर 'लीन'चे (वाया जाणारं काम छाटायच्या टोयोटा छापाच्या पद्धतीचे) रंगीत तक्ते लावून दीड दिवसात कायापालट करणारे सल्लागारही त्याच माळेचे मणी.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ च्या वर गेलं, महामार्ग पुन्हा बंद. या वेळी आम्ही मेसेज बदलला : पाचच वस्तू, एका गोणीत एकच वस्तू, बाहेर नाव आणि नग. मिसळीची गोणी दारातच बाजूला, रात्री निवडायची. दारात चार माणसं, बाकीचे आत आपापल्या थप्पीपाशी. चारातला एक नुसता उभा राहून मोकळी जागा दाखवायचा. त्यावरून दोघातिघांनी मला ऐकवलंच, 'ह्यो काय करतोय, साहेब?'

पहिली गोणी उतरली तिच्यावर खडूनं लिहिलेलं, 'चादरी ४०'. मोजल्या तर ४२ निघाल्या.