पट्ट्याचं काम खटक्याला झेपलं नाही

गेल्या मे महिन्यात भाचा कॅलगरीहून आला आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्याने दोन वस्तू मांडल्या. स्नोबोर्डचा एक जाडजूड बूट आणि तो फळीला अडकवायची लोखंड-प्लास्टिकची बैठक, मधोमध स्प्रिंगचा खटका असलेली. "मामा, तू खटके बनवतोस ना, मग हे बघ. जुन्या सामानात अगदी स्वस्तात मिळालं. इतकं सोपं आहे, मग लोकांनी टाकून का दिलं?"

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. क्लॅम्प, कड्या, खटके यांतच माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न मला आठवडाभर सोडेना.

आधी खेळ समजून घेऊ. स्नोबोर्ड म्हणजे एकच लांब फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे आणि हिमाच्या उतारावरून घसरत यायचं. बूट फळीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. नेहमीच्या बाइंडिंगला दोन पट्टे असतात, एक घोट्याच्या पुढे आणि एक बोटांवर. दातेरी पट्टी रॅचेटमधून कटकट ओढत ते आवळायचे. पोटरीमागे एक उभी पाठही असते. अडचण अशी की लिफ्टने वर जाताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक फेरीला वर पोचलं की हिमात बसा, हातमोजे घालून पट्टे चाचपा, आवळा, उठा. दिवसात पंधरा फेऱ्या झाल्या तर पंधरा वेळा.

हा त्रास घालवायची कल्पना सायकलवरून आली, आणि सायकलवर ती गेली होती स्कीमधून. लुक ही फ्रेंच कंपनी स्कीची बाइंडिंगं बनवायची. 1984 मध्ये तिने सायकलसाठी खटक्याचं पेडल आणलं आणि पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार्ड इनोने ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. 1990 मध्ये शिमानोचं डोंगरी सायकलींसाठीचं पेडल आलं. बुटाच्या तळाला छोटी लोखंडी पट्टी, पाय ठेवला की टक्, घोटा वळवला की मोकळा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शिमानोने के-टू कंपनीबरोबर हेच स्नोबोर्डवर आणलं. पाठोपाठ बर्टन या स्नोबोर्ड कंपनीनेही स्वतःची पद्धत काढली. उभ्या उभ्या पाय दाबा आणि निघा, म्हणून या बाइंडिंगांना स्टेप-इन म्हणतात. काही वर्षं वाटत होतं की पट्टे आता संपले. पण 2000 नंतरच्या पाच-सहा वर्षांत उलटंच झालं. स्टेप-इन दुकानांतून दिसेनाशी झाली आणि पट्टे राहिले.

भाच्याची बैठक हातात घेतली तेव्हा पहिला संशय मला खाचेवर आला. खटका बुटाच्या तळव्याखाली, म्हणजे नेमका जिथे हिम चेपलं जातं तिथे. आमच्याकडे हिम नाही, पण मे महिन्यात सूरसागरजवळ बर्फाचा गोळा मिळतो. गोळेवाल्याकडून सरबताशिवाय नुसता किसलेला बर्फ आणला. तो किस असतो भुसभुशीत. गोळेवाला मुठीत दाबतो आणि दोन क्षणांत काडीवर घट्ट धरणारा गोळा होतो. त्याने काही चिकट घातलेलं नसतं. वितळण्याच्या जवळ आलेल्या बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू सैल असतात. दोन कण एकमेकांना टेकले की त्यांच्यामध्ये मान तयार होते आणि ती जाड होत जाते. बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी जोडले जातात, याकडे मायकेल फॅरडेने 1850 मध्येच लक्ष वेधलं होतं.

मी तो किस खाचेत भरला, बूट घातला आणि पाय दाबला. टक् असा आवाज आला. भाचा म्हणाला, लागला. मी टाच उचलली तर ती बैठकीसकट न येता एकटीच वर आली. खटका अर्धाच बसला होता. दुसऱ्यांदा जोरात पाय आपटला, तेव्हा तर आवाजही आला नाही. स्क्रू-ड्रायव्हरने खाच उकरली तेव्हा आतून बर्फाची कठीण वडी निघाली, सुपारीएवढी, आणि तिच्यावर खटक्याच्या दाताचा ठसा स्वच्छ उमटलेला. ताज्या कोरड्या हिमाच्या घनमीटरचं वजन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. बर्फाचं भरतं 917 किलो. बाकी सगळी हवा. पायाच्या दाबाने ती हवा निघून जाते आणि राहते ती ही वडी. शिवाय धातू उष्णता भराभर ओढून घेतो, म्हणून उबदार जागेतून आलेल्या बुटाला लागून वितळलेलं पाणी गार खटक्यावर पुन्हा गोठतं. सायकलच्या पेडलमध्येही चिखल जातो, पण ते चहूबाजूंनी उघडं असतं आणि चिखल खाली पडायला वाट असते. फळीवर खाली फळीच.

पण खाचेचा दोष सुधारता आला असता. माझ्या मते खरी चूक वेगळी होती. पट्टा म्हणजे फक्त कुलूप, असं धरून चालले तिथे गणित चुकलं.

स्नोबोर्ड वळतो तो कडेवर कलून. चवड्यावर भार दिला की बोटांकडची कडा हिमात रुतते, त्या वेळी टाच फळी सोडून वर यायला बघते. घोट्यावरचा पट्टा तिला तिरपा ताण देतो, खाली आणि मागे, दोन्हीकडे. उलट वळणात पोटरी पाठीवर रेलते आणि बोटांवरचा पट्टा फळीची पुढची कडा वर उचलतो. म्हणजे पट्टे प्रत्येक वळणात पायाची शक्ती फळीपर्यंत पोचवतात. आणखी एक काम ते करतात, जे बाहेरून दिसत नाही. ते बूट पायावर आवळतात, त्यामुळे पाय बुटात तरंगत नाही.

आता तेच काम तळव्याखालच्या खटक्याला दिलं तर? समजा, फळी कलवायला 30 न्यूटन-मीटर बलाघूर्ण, म्हणजे वळवणारा जोर, लागतं. पकडीच्या दोन जागांत 25 सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येक जागेवर 120 न्यूटन येतात. अंतर 10 सेंटिमीटर असेल तर 300. दाराच्या दोन्ही बिजागऱ्या मधोमध जवळजवळ ठोकल्या तर दार कसं लटपटतं, तसंच हे. थोडी झीज झाली की टोकाला मोठी हालचाल दिसते. आणि पट्टा गेल्यावर पाय घट्ट धरायचं सगळं ओझं बुटावर आलं. बूट कडक करावे लागले, काहींत पाठ बुटाच्या आत घातली. चालायला त्रास, फळीचा अंदाज पायाला कमी. उड्या मारणाऱ्या तरुण खेळाडूंना तर बूट लवचीकच हवा असतो.

याला पुरावाही आहे. शर्यतीच्या स्नोबोर्डवर कडक प्लास्टिकचे बूट वापरतात, आणि तिथे टाचेच्या खटक्याची स्टेप-इन पद्धत आजही चालते. कवच कडक असेल तर खटक्याला फक्त कवच धरायचं असतं. मऊ बुटात पाय धरायचा असतो.

धंद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सरळ आहे. एका कंपनीचा बूट दुसरीच्या खटक्यात बसत नसे. पायाला न मानवणारा बूट केवळ खटक्यासाठी कोण घेईल?

पर्यायांत फ्लोचं बाइंडिंग मला फार आवडलं. 1996 पासूनच्या या कंपनीने पट्टे ठेवले, फक्त दार मागे केलं. पाठ मागे पाडायची, पाय सरकवायचा, पाठ उभी करून कळ लावायची. बूट कुठलाही चालतो. अलीकडच्या निडेकर कंपनीच्या सुपरमॅटिक बाइंडिंगमध्ये टाचेने पाटा दाबला की पाठ आपोआप उभी राहते. तिथेही पट्टे आहेतच, आणि बूट आपला.

बर्टनने 2017 मध्ये स्टेप ऑन आणलं, त्यात मात्र पट्टे नाहीत. मी चित्रं बघून पकडीच्या जागा मोजल्या: दोन चवड्याच्या दोन बाजूंना, एक टाचेमागे. तळव्याखाली काहीच नाही. हिम चेपलं जाणारी जागा टाळली आणि पकडी शक्य तितक्या लांब नेल्या. मधल्या काळात, 2001 पासून, बुटांवर तारेची गोल चकती आली होती. ती फिरवून घोट्यावर बूट पुरेसा आवळता येतो. म्हणजे पट्ट्याची दोन्ही कामं ओळखून ती दोन वेगळ्या जागी वाटून दिली. बूट मात्र त्याच जोडीचाच लागतो. आता इतर काही कंपन्याही त्या पकडीचे बूट बनवतात.

हे सगळं भाच्याला कागदावर काढून दाखवलं. कॅलगरीला परत गेल्यावर त्याने पट्ट्यांचंच बाइंडिंग घेतलं. त्याच्या रुंद पायाला मानवणारा बूट स्टेप ऑनच्या पकडीत मिळत नाही, असं त्याने फोनवर सांगितलं. जुनी बैठक माझ्या बाकावर आहे, खाच साफ करून आणि स्प्रिंगला तेल देऊन ठेवलेली.